गोल करून घेतलेला चंद्र

ज्या खगोलदालनाचा शास्त्रीय सल्लागार म्हणून माझे नाव पितळेवर कोरले जायचे होते, ते सज्ज झाले तेव्हा त्यात एक वस्तू निर्विवाद बरोबर होती. आणि नेमकी तीच संचालकांना खुपली. संचालक म्हणजे माझ्या पत्नीचे धाकटे बंधू. त्यांची सारी विद्वत्ता आवाजात आहे.

"भाऊजी, हा बटाटा कुणी टांगला?"

छताखाली एका ग्रहाचा इवलासा चंद्र लटकत होता. खाचखळग्यांचा, एका अंगाने सुजल्यासारखा. मापे देऊन मीच तो तसा घडवून घेतला होता.

"चंद्र आहे तो."

"असा? पाहुण्यांना तोंड कसं दाखवू? बाकी सगळे गोल, मग यानंच काय घोडं मारलंय?"

मी समजावले. प्रचंड पिंडाचा कण न् कण मध्याकडे ओढला जातो. जे फार उंच होऊ पाहते ते स्वतःच्याच भाराने खचते. कोणत्याच बाजूला मध्यापासून दूर राहण्याची सोय उरत नाही, म्हणून तारे, ग्रह आणि मोठे चंद्र गोल. लहान पिंडाची ओढ दुबळी. तिथे दगड ऐकत नाही, वाकडा तो वाकडाच राहतो.

संचालक तल्लीन होऊन ऐकत होते. मला आशा वाटली. तो माझा गाढवपणा.

"म्हणजे मोठा झाला की गोल होतो?"

"हो."

"मग मोठा करा की! एवढंच ना?"

सल्लागार समिती तिथेच उभी होती. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, जे जन्मभर हेच कारण फळ्यावर लिहीत आले, ते म्हणाले, "तत्त्वतः साहेबांचं बरोबर आहे." सकाळपर्यंत माझ्या बाजूने असलेल्या भूगोलाच्या बाईंनी चष्मा पुसायला घेतला. इतिहासकारांनी मान डोलावली. ते नेहमीच डोलावतात. संचालकांच्या भाराखाली एकेकाचे टोक सपाट होताना पाहून, आपला सिद्धान्त डोळ्यांदेखत सिद्ध झाल्याचे समाधान तेवढे मला लाभले.

नवा चंद्र आला. तो इतका मोठा होता की स्वतःच्या ग्रहालाच झाकू लागला. मी हे दाखवताच संचालक हसले.

"त्यात काय! पाट्यांची अदलाबदल करा."

केली. आता चंद्र ग्रह झाला, ग्रह चंद्र झाला, आणि दोघांखाली माझे नाव चकाकू लागले.

"जाऊ द्या ना," घरी पत्नी म्हणाली. "पाट्या वाचतंय कोण?"

"मी वाचतो. त्यांखाली माझं नाव आहे, ते काढून घेणार."

"तुमच्या त्या नावापायी तो माझ्याशी बोलणं टाकेल."

"एवढा उपकार तो करणार नाही."

ती रागावली, पण हसू दाबताना तिचा चहा सांडला.

उद्घाटनाच्या सकाळी मी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन दालनात गेलो आणि माझ्या नावाच्या दोन्ही पट्ट्या काढल्या. संचालक धावत आले, मागोमाग समिती.

"भाऊजी, हे काय चाललंय? सगळ्यांनी मान्य केलं, तुम्हालाच काय टोचतंय?"

"मी लहान माणूस," मी म्हणालो. "अजून गोल झालेलो नाही."

त्यांना काही कळले नाही. भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांना कळले असावे, कारण ते एकाएकी छत न्याहाळू लागले.

जुना चंद्र कोपऱ्यातल्या भंगाराच्या खोक्यात पडला होता. मी तो उचलून कोटात कोंबला. खिसा वेडावाकडा फुगला, आणि तसाच मी पाहुण्यांच्या रांगेसमोरून बाहेर पडलो.