माझ्यातून गळेल ते जमिनीचे

मित्रांनो, मी एक जुनी चाळण आहे. किती जुनी, हे नक्की कोणालाच ठाऊक नाही. जे छातीठोकपणे सांगतात त्यांच्यावर फारसा विश्वास ठेवू नका. माझी कड वाकवलेल्या फांदीची आहे, अंग वेताचे आहे, आणि उरलेली मी म्हणजे भोके. एखाद्या रस्त्याची दुर्दशा झाली की लोक 'रस्त्याची चाळण झाली' असे म्हणतात. मला त्यात अपमान वाटत नाही. भोके योग्य मापाची असली, तर त्यांच्याइतके उपयोगी दुसरे काही नसते.

माझे काम एका कंदाशी बांधलेले आहे. ओलसर गवताळ माळावर निळ्या फुलांची एक वनस्पती उगवते आणि तिच्या मुळाशी पांढरा, गोलसर कंद धरतो. ज्या लोकांनी मला विणले, त्यांच्या कित्येक पिढ्या या कंदावर पोसल्या गेल्या. बायका टोकदार काठीने माती उकरीत, निघालेले कंद माझ्यात ओतीत आणि मला दोन्ही हातांनी हलवीत. वर राहील ते घरी जाई. खाली गळेल ते लहान समजून त्याच भुसभुशीत मातीत पुन्हा पुरले जाई. मी शहाणी होते असे समजू नका. मला फक्त एक माप होते आणि ते मी कोणाच्या भुकेकडे पाहून बदलत नसे.

पुढे तो माळच त्या लोकांच्या हातून गेला. नवे मालक आले. त्यांनी चर खणून पाणी काढून दिले, चाऱ्याचे गवत लावले आणि गुरे सोडली. माझ्या लोकांना गावाबाहेर एकसारख्या घरांच्या रांगेत जागा मिळाली. तिथे उकरण्यासारखी जमीन नव्हती, त्यामुळे चाळण्यासारखेही काही नव्हते. काही वर्षे मला कोंबडीच्या पिल्लांवर पालथे घालीत. एकही पिल्लू मांजराने नेले नाही, हे मी नम्रपणे नोंदवते. नंतर माझ्यात कपड्यांचे चिमटे राहू लागले, आणि नंतर मी माळ्यावर गेले, जिथे चिमटेही नव्हते.

मला तिथून खाली काढले ते थोरल्या आत्याने. मला विणणाऱ्या बाईची ही धाकटी मुलगी. माळ सुटला तेव्हा ती फार लहान होती. आता त्या वस्तीत तिच्याहून वडील कोणी नव्हते आणि भाचरे नसलेलेही तिला आत्याच म्हणत. तिच्या पुढाकाराने लोकांनी संस्था काढली, कचेऱ्यांत खेटे घातले आणि माळाचा एक ओला कोपरा परत मिळवला. त्या कोपऱ्यात कंद अजून तग धरून होता. आसपास दुसरीकडे कुठेही तो उरला नव्हता.

त्यानंतर जे घडले ते आठवले की माझा वेत अजून ताठ होतो. शेजारच्या गवळ्याच्या आजोबांनी तो पाण्याचा चर खणला होता; गवळ्याने स्वतः फावडे घेऊन तो बुजवला. आत्याचा भाचा गवंडी होता; त्याने कोपऱ्याभोवती दगडी कुंपण घातले आणि मजुरीचा विषयही काढू दिला नाही. मातीचा अभ्यास करणारी एक बाई नळ्या आणि काचेच्या बाटल्या घेऊन येऊ लागली. तिचे नाव कोणी लक्षात ठेवले नाही. ती सर्वांची 'मातीवाली' झाली आणि तिची त्याला हरकत नव्हती.

"एकदा तरी पोरांच्या तोंडात हा कंद पडलेला बघायचाय मला," आत्या म्हणाली. "मग खुशाल डोळे मिटीन."

"तेवढ्यासाठी तरी सावकाश वाढू दे त्याला," भाचा म्हणाला.

मला त्यांनी संस्थेच्या सभागृहाच्या भिंतीवर टांगले. खाली भाच्याने स्वतःच्या हाताने पाटी लिहिली: 'हात लावू नये'. तीच पाटी माळावरही लागली. कंद थोडे उरले आहेत, तेव्हा ते उकरायचे नाहीत, हे सर्वांना मान्य होते. आत्याला मान्य होते, मातीवालीलाही होते. मित्रांनो, एकमत ही आनंदाची गोष्ट आहे, पण तो पुरावा नव्हे. दर वसंतात निळी फुले कमी होत गेली. गवत दाटले, माती दगडासारखी घट्ट झाली. भाच्याने कुंपणावर आणखी एक थर चढवला. फुले तरीही कमीच झाली.

मग एका पावसाळी रात्रीनंतर कुंपणाचा एक भाग ढासळलेला दिसला. रानडुकरे आत शिरली होती. त्यांनी एक बाजू नांगरल्यासारखी उलथून टाकली होती आणि सापडतील ते कंद फस्त केले होते.

"आत्या, माझ्या गाई हाकलल्यात त्या डुकरांना जेवू घालायला होय?" गवळ्याने विचारले. तिला हसवण्याचा त्याचा प्रयत्न साफ फसला.

पण पुढल्या वसंतात सर्वांत दाट फुले आली ती नेमकी डुकरांनी उलथलेल्या जागी. सभागृहात बैठक बसली. मी भिंतीवर होते, त्यामुळे सर्व ऐकले.

"डुकरांनी उकरलं तर वाढतं, मग आपण उकरलं तर मरेल कशावरून?" आत्या म्हणाली. "आई दरवर्षी उकरायची. मला वाटायचं, तेव्हा भरपूर होतं म्हणून चालायचं. उकरायची म्हणूनच भरपूर होतं, असं तर नसेल?"

"आत्या, अगं घरातला शेवटचा दिवा कोणी फुंकून बघतं का, पुन्हा पेटतो की नाही ते?" भाच्याचा आवाज चढला होता.

"एका तुकड्यावरून काहीच सिद्ध होत नाही," मातीवाली म्हणाली. "तिथली माती मुळातच चांगली असेल. डुकरांनी आणखी काही केलं असेल."

"केलंच असणार. खत टाकून गेली असतील फुकट," गवळी म्हणाला, आणि सगळे हसले.

मातीवाली हसली नाही. "तेच म्हणतेय मी," ती गंभीरपणे म्हणाली. "तीही एक शक्यता आहे."

शेवटी असे ठरले की डुकरांची जागा वगळून उरलेल्या जमिनीचे दोन भाग करायचे. एक उकरायचा, दुसऱ्याला हात लावायचा नाही. कोणता भाग उकरायचा, हे कोणाच्या मनावर न ठेवता नाणे उडवून ठरवायचे. अंदाज चुकला, तर होते त्यातलेही अर्धे संपणार होते. हे तिथल्या प्रत्येकाला कळत होते, आणि तरीही त्यांनी हात वर केले. भाच्याचा हात सर्वांत शेवटी वर गेला.

"आता तूच काढ ती खाली," आत्या त्याला म्हणाली.

त्याने मला भिंतीवरून उतरवले. मागे धुळीचा एक गोल राहिला.

फुले सुकून गेल्यावर त्यांनी उकरायला घेतले. आत्याने पहिली ओंजळ माझ्यात टाकली आणि मला हलवले. इतक्या वर्षांनी मी चाळत होते, पण चाळण्याला आनंद म्हणावा असे काही घडले नाही. जवळजवळ सगळे कंद खाली गळले. दाटीत वाढलेले, बारीक, चिमटलेले कंद होते ते. दिवसाअखेर माझ्यावर जे उरले ते एका वाटीत मावले.

"एवढ्यासाठी एवढी मोठी बैठक घेतली होय?" गवळी पुटपुटला.

"हे बघ आत्या, हे जरासेच लहान आहेत," भाचा खाली वाकून म्हणाला. "पोरं वाट बघतायत. दोन मुठी घेऊ की."

आत्याने त्या गळलेल्या ढिगाकडे पाहिले. ती कशासाठी जगत होती, हे तुम्हाला ठाऊक आहे. "चाळणीनं सांगितलंय ना," ती म्हणाली. "परत पूर त्यांना."

सगळ्यांनी गुडघ्यांवर बसून ते बारीक कंद मोकळ्या मातीत परत लावले. मातीवालीने बाटल्या बाजूला ठेवल्या आणि नखांत माती भरेपर्यंत लावले. गवळ्यानेही लावले, त्याची बडबड मात्र थांबली नाही. वाटीतले कंद निखाऱ्याच्या राखेत भाजून पोरांना वाटले. प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम एक घास आला. आत्याने स्वतः खाल्ला नाही.

पुढल्या वसंतात उकरलेला भाग निळा झाला. न उकरलेला भाग आणखी विरळ झाला. लोक नाचायच्या बेतात होते.

"एक वर्ष चांगलं गेलं, एवढंच कळलं," मातीवाली म्हणाली. "पुढल्या वर्षी हेच दिसलं, तर बोलेन."

पुढल्या वर्षीही हेच दिसले. तेव्हा ती म्हणाली, "आता बोलते. कुंपण राहू दे, पण पाटी काढा." ती पाटी भाच्याने स्वतःच उपटली.

त्या वर्षी माझ्यावर कंद राहिले. मी हलले, पुन्हा हलले, आणि तरी ते राहिले. पोरांनी पोटभर खाल्ले. भाच्याने एक सोलून आत्याच्या हातात दिला आणि सगळे तिच्या तोंडाकडे पाहू लागले.

"कसा लागतोय?"

आत्याने सावकाश चावला. "मला आठवत होता त्याहून कमी गोड आहे," ती म्हणाली, आणि तिने दुसरा उचलला.

मित्रांनो, मला या माणसांचे कौतुक वाटते ते त्यांनी जुने ते सोने मानले म्हणून नव्हे. जुने म्हणून त्यांनी मला खिळ्याला टांगले होते, तेव्हा माझा कोणालाही उपयोग नव्हता. त्यांनी आपली चूक एकमेकांच्या तोंडावर कबूल केली, अर्धे गमावण्याची तयारी ठेवली, आणि भुकेल्या पोरांसमोर माप मोडले नाही. मी पाहिलेल्या माणसांत एवढे धैर्य मला फार वेळा दिसलेले नाही. आता माळावर लहान-मोठे सगळेच उकरायला येतात. गवळ्याने बुजवलेल्या चराजवळची आणखी एक पट्टी मोकळी सोडली आहे. बारीक कंद लावायला जागा अपुरी पडू लागली होती.

यंदा माझा एक वेत तुटला. त्या फटीतून एक चांगला टपोरा कंद खाली गेला. भाच्याने तो उचलून आत्याच्या वाटीत टाकायला हात पुढे केला.

"पडला तो पडला," ती म्हणाली, आणि तिने अंगठ्याने तो मातीत दाबला.

म्हणून तुमच्याकडे माझे एवढेच मागणे आहे. माझ्यासारखे जुने काही तुमच्या घरी असेल, तर त्याला काचेत ठेवण्याआधी ते कशासाठी केले होते ते विचारा, आणि जमल्यास ते काम त्याला परत द्या. मला पुढल्या उकरणीआधी दुरुस्त करा. नवा वेत घाला, कड घट्ट बांधा, हवे तर सगळीच नव्याने विणा. फक्त विणताना हात आखडता घेऊन भोके लहान करू नका.