अक्काच्या नावाची ओळ

कापड्याहून एसटीने महाडला आलेल्या अक्काने चपलासुद्धा दारात नीट काढल्या नाहीत. "तुजी नात कुटं हाय?" तिने थेट विचारलं.

"अंकिता आत आहे, काम करतेय. आधी बस तरी," कालिंदीबाई म्हणाल्या.

"मी बसाया नाय आली."

थोरल्या बहिणीचा हा सूर कालिंदीबाईंना लहानपणापासून ठाऊक होता.

झालं होतं असं. कापडे आणि आसपासच्या बायकांनी जुन्या भातांचं बियाणं राखण्यासाठी गट केला होता. कोणी कोणतं वाण राखलं, याची नोंद ब्लॉकचेनवर ठेवायची. म्हणजे एकच नोंद तीन ठिकाणच्या संगणकांवर: एक पोलादपूरला, एक पुण्याला आणि एक इथे, कालिंदीबाईंच्या माजघरात. एकदा लिहिलं की कुणालाच पुसता येत नाही. हे सगळं अंकितानेच बसवून दिलं होतं. आणि काल पोलादपूरच्या बैठकीत यादी वाचली, तर तीत गोदूबाईचं, म्हणजे अक्काचं, नावच नव्हतं. आज संध्याकाळी हीच यादी वाणांच्या नोंदणीसाठी जाणार होती. अक्काचं भाताचं वाण, तांबडी पटणी, बिनमालकाचं ठरणार होतं.

"बायका माज्या तोंडाकडं बघत व्हत्या," अक्का आत शिरून अंकिताला म्हणाली. "लगीन होऊन आल्यापासनं कणगीत निरगुडीचा पाला घालून राखली ती. आनि तुज्या डब्यानं मलाच गिळली?"

"अक्काआजी, मी नाही गं काही काढलेलं. काढताच येत नाही."

"मग गेली कुटं मी?"

अंकिताने संगणकाच्या पडद्यावर काळी खिडकी उघडली. त्यात चित्र नाही, बटण नाही. नुसती पांढरी अक्षरं. "नोंदी ज्यात साठतात तो डेटाबेसच उघडलाय. फक्त वाचायला. हात लावून बिघडवला, तर बाकीचे दोन नोड, म्हणजे पोलादपूरचा आणि पुण्याचा संगणक, आपल्याला वाळीत टाकतील."

तिने त्यातल्या टेबलांची, म्हणजे तक्त्यांची, नावं मागितली. एकाखाली एक ती आली: ब्लॉक, नोंदी, वाणं, राखणदार. शेवटचा ब्लॉक, म्हणजे नोंदींचा शेवटचा गठ्ठा, पुण्याशी ताडून पाहिला. तोच निघाला, म्हणजे महाडचा नोड मागे पडलेला नव्हता. मग राखणदारांच्या टेबलात 'गोदूबाई' शोधलं. शून्य ओळी. 'गोदावरी' शोधलं. शून्य. 'गोदू' एवढंच शोधलं, तरी शून्य.

कालिंदीबाई घराच्या खिडकीपाशी गेल्या, परत आल्या, उगाच दाराचा पडदा सारखा केला. अक्का उभीच. पोरीवरचा तिचा विश्वास आज उडाला, तर परत बसायचा नाही.

"तू येरझाऱ्या घालू नको गो, मला गरगरतंय."

"आणि तू पोरीच्या खुर्चीला टेकू नकोस. आपल्या तुडीलच्या माणसांना दम कसा तो नाहीच."

"तुडीलचं नको सांगू मला. म्हातारी झाली तरी कापड्यात अजून तेच ऐकतेय मी."

कालिंदीबाई जागच्या जागी थांबल्या. "अक्का, ही नोंद भरली कुणी?"

"शेजारच्या ललितानं. गटाचं सगळं तीच लिवते."

"ती तुला काय म्हणते?"

"काय म्हननार? तुडीलकरीन काकी. समदेच म्हनतात."

"तुझं नाव तिला ठाऊक तरी आहे का?"

अक्काने नकारार्थी मान हलवली. सून ज्या गावची, त्या गावाच्या नावाने तिला हाक मारायची, हे त्या भागात इतकं अंगवळणी पडलेलं की खरं नाव कुणी विचारतही नसे.

अंकिताने 'तुडीलकरीण' टाइप केलं. एक ओळ आली. तुडीलकरीण, कापडे, तांबडी पटणी.

"आहेस तू अक्काआजी, पहिल्या दिवसापासून आहेस. आधार कार्डावरच्या नावाशी जुळली नाही, म्हणून यादीत आली नाहीस."

"मग ते खोड आनि गोदूबाई लिव."

"खोडता नाही येत. खाली नवी ओळ घालते, की ही तीच बाई."

तिने ओळ रचली आणि थांबली. "आणखी एक रकाना आहे, माहेरच्या नावाचा. हवं तर भर."

कालिंदीबाईंनी तोंड उघडलं. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने 'गोदावरी' लिहिलं गेलं. त्याआधीचं, सावित्री नदीच्या काठावरून आई ज्या नावाने हाक मारायची ते, आता त्यांच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

"तू गप," अक्का म्हणाली. मग अंकिताकडे वळली. "हे कोन कोन वाचनार?"

"गटातले सगळे."

"आनि पुसता नाय येत."

"नाही."

"मग तो रकाना ऱ्हाऊ दे."

अंकिताने ओळ पाठवली. तीनपैकी दोन संगणकांनी मानली की झालं. पण पोलादपूरला वीज नव्हती आणि पुणं उत्तर देईना. तिघीही पडद्याकडे बघत राहिल्या. कालिंदीबाईंनी पदराचा पीळ केला, सोडला, परत केला. शेवटी पुण्याने मानलं. अंकिताने यादी नव्याने काढली आणि अक्काचं नाव मोठ्याने वाचलं. अक्काने ते परत वाचायला लावलं, आणि मग म्हणाली, "चल, कापड्याची गाडी चुकंल."

कालिंदीबाई तिला स्टँडवर सोडायला गेल्या. ते माहेरचं नाव वाटेत दोनदा ओठांवर आलं, दोनदा त्यांनी गिळलं. अक्का खिडकीपाशी बसली, गाडी हलली, आणि मग त्यांना राहवलं नाही. त्यांनी त्याच नावाने हाक मारली. कंडक्टरच्या घंटीत, पेरूवाल्याच्या ओरडण्यात ती कुणाच्या कानावर गेली नाही.

खिडकीतून अक्का तेवढी वळली.