तिसऱ्या सेटचं ऊन

जिनेशने सर्व्हिससाठी चेंडू वर फेकला आणि पद्मावतीने डोळे मिटून घेतले. रॅकेटचा फाडकन आवाज आला, पलीकडून दुसरा, मग बुटांनी माती खरवडल्याची घाई. आवाज चालू होते तोवर ती श्वास रोखून बसली. टाळ्या वाजल्या तेव्हा तिने डोळे उघडले. पोरगा उभा होता. टी-शर्टच्या बाहीने कपाळ पुसत होता.

"काय मारला हो!" शेजारच्या खुर्चीवरून गणपतराव म्हणाले. "बघितलासा न्हवं, ताई?"

"व्हय," ती म्हणाली.

गणपतराव विद्यापीठाच्या पुरुषांच्या टेनिस टीमचे जुने खेळाडू, आणि पुढे कितीतरी वर्षं टीमचे प्रशिक्षक. टीमला पन्नास वर्षं झाली म्हणून यंदाचे आंतरविद्यापीठ सामने घरच्या कोर्टांवर घेतले होते आणि सकाळी सामन्यांआधी छोटा समारंभ ठेवला होता. त्यासाठी पद्मावती गडमुडशिंगीहून आली होती. जिनेश गेल्या वर्षापासून या टीममध्ये होता, पण तिने त्याची एकही मॅच पाहिली नव्हती. आजही तिला बोलावलं होतं ते जिनेशची आई म्हणून नव्हे, भूपाल मगदूमची बहीण म्हणून.

सकाळी पॅव्हेलियनच्या भिंतीवर प्रत्येक टीमचा फोटो लावला होता. गणपतरावांनी माईक हातात घेऊन, एकेका फोटोपुढे थांबत इतिहास सांगितला. पहिल्या टीमकडे स्वतःचं नेटही नव्हतं, व्हॉलीबॉलचं नेट खाली ओढून बांधायचे. बडोद्याला खेळायला निघाले तेव्हा रॅकेटी गव्हाच्या पोत्यात गुंडाळून जनरल डब्यातून नेल्या. कोर्टावर रोलर ओढायला माणूस नव्हता. "मग काय, आम्हीच बैलं झालो," असं गणपतराव म्हणाले आणि पोरं हसली. मग ते भूपालच्या फोटोपाशी आले आणि त्यांचा आवाज उतरला.

"फायनल हुती. असंच ऊन. तिसऱ्या सेटला भूपालच्या छातीत कळ यायला लागली. मी म्हटलं, थांब गड्या. म्हणला, आपल्या टीमनं कधी मॅच सोडलीया का? शेवटचा पॉइंट घेतला, समोरच्याचा हात हातात घेतला, आन् मग पडला. पोरांनो, ही टीम लई मॅचा हरलीया. पर सोडलेली एक बी न्हाय."

टाळ्यांनी पॅव्हेलियन दणाणलं. जिनेशही वाजवत होता, डोळे चमकत होते. पद्मावतीच्या खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला, ती फोटोसाठी हसली. तिला आठवत होता तो भूपालअण्णा वेगळा होता. जीपमध्ये मागे आडवा निजवलेला, पांढऱ्या बुटांना तांबडी माती. अव्वा, त्यांची आई, त्याच्या बुटांच्या नाड्या सोडवत होती, पाय घामेजले असतील पोराचे, असं म्हणत. नंतर डॉक्टर म्हणाले होते की वेळीच सावलीला बसला असता तर कदाचित. त्या कदाचितवर अव्वाने उरलेलं आयुष्य काढलं.

जिनेशने रॅकेट धरली तेव्हा पद्मावती नको म्हणाली नाही. फक्त दर वर्षी त्याला दवाखान्यात नेऊन त्याचं हृदय तपासून घ्यायची. सरकत्या पट्टीवर पळवून, छातीला तारा लावून, पडद्यावर बघून. डॉक्टर दर वेळी सांगायचे, एकदम ठणठणीत आहे, कशाला काळजी करता? तिचा नवरा शांतिनाथ म्हणायचा, आता तरी पटलं का? ती मान हलवायची. आणि दुपारचा जिनेश कॉटवर पेंगत पडला की जाता-येता थांबून त्याची छाती वरखाली होते का ते बघायची.

आता तिसरा सेट चालू होता. टीमने पहिली एकेरी गमावली होती, दुहेरी जिंकली होती. जिनेश जिंकला तर टीम पुढे जाणार होती. ऑक्टोबरचं ऊन कोर्टावरून वर उसळत होतं, पलीकडची भिंत त्यात हलल्यासारखी दिसत होती. जिनेश एका गेमने पुढे होता.

एक लांबलचक रॅली झाली. या वेळी तिला डोळे मिटताच आले नाहीत. तो या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात धावला, पुन्हा धावला, आणि पॉइंट संपल्यावर गुडघ्यांवर हात टेकून वाकला. मग सरळ होता होता त्याने छातीवरचा टी-शर्ट मुठीत धरून ओढला.

पद्मावती उठली.

"ताई, बसा. घामानं चिकटलाय कपडा," गणपतराव म्हणाले.

तिला ऐकू आलं नाही. शाल खुर्चीवरून घसरून पडली, ती खुर्च्यांच्या रांगेतून वाट काढत तारेच्या जाळीपाशी गेली. जाळी तापली होती, तरी तिने दोन्ही हातांची बोटं तिच्यात अडकवली. 'थांब' अशी हाक मारायची होती. आवाज फुटेना.

जिनेश चेंडू घ्यायला जाळीच्या बाजूला आला. वाकला, चेंडू उचलला, वर बघितलं. दोघांची नजर भिडली. तो क्षणभर तसाच राहिला.

मग चेंडू न खेळताच तो वळला, पंचांच्या खुर्चीपाशी गेला आणि म्हणाला,

"मी सोडतो."

पंचांनी वाकून पुन्हा विचारलं. त्याने मान हलवली. समोरच्या टीमची पोरं ओरडत कोर्टात घुसली. कॅप्टन विश्वजितने हातातली बाटली जमिनीवर आपटली. गणपतराव उठून उभे राहिले होते.

पॅव्हेलियनच्या मागे कडुलिंबाखाली जिनेशला बसवलं. स्पर्धेच्या डॉक्टरांनी नाडी बघितली, छातीला नळी लावली, पाणी पाजा म्हणाले आणि गेले. पद्मावतीने ओला टॉवेल त्याच्या मानेवर ठेवला. आत कुठेतरी इतक्या वर्षांची गाठ सैल होत होती. हा थांबला. हा सावलीत बसलाय.

"बरं केलंस बाळा," ती म्हणाली. "दुखतंय का अजून?"

"न्हाय."

"चक्कर?"

"न्हाय गं."

"मग कुठं काय होत होतं?"

जिनेश बाटलीचं झाकण लावत होता, काढत होता.

"मला काय झालंच नव्हतं, आई. तू जाळी धरून उभी होतीस. तुझा चेहरा बघितला आणि पायच हलेनात. वाटलं, मी आणखी एक बॉल खेळलो तर तूच पडशील तिथं."

पद्मावतीचा हात टॉवेलवर तसाच राहिला. तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. दुखण्याची, दमण्याची खूण कुठेच नव्हती. भीती मात्र होती आणि ती तिला ओळखीची वाटली. रोज आरशात बघत आली होती ती.

पावलं वाजली. गणपतराव येत होते, मागून विश्वजित. विश्वजितचे डोळे लाल होते. जिनेशने मान खाली घातली.

गणपतराव समोर उकिडवे बसले. आवाज खाली आणून त्यांनी विचारलं,

"लेका, छातीत कळ आलती का? मामासारखी?"

जिनेशने आईकडे पाहिलं.

"तसं असंल तर कोण तुला काय बोलणार न्हाय," गणपतराव म्हणाले. "मी सांगतो समद्यांना. पर मग ह्याच्या फुडं खेळ बंद. मी तुला कोर्टात उतरू देणार न्हाय. एक बघितलंय, तेवढं बास."

विश्वजितचा चेहरा मवाळ झाला होता. तो जिनेशच्या खांद्यावर हात ठेवायला पुढे सरकला.

एक हो म्हटलं की झालं. पोराची लाजही राहणार होती आणि पोरही. पुन्हा कधी असं ऊन नाही, तिसरा सेट नाही, फोनच्या रिंगने दचकणं नाही. इतकी वर्षं ती जे मागत आली होती, ते एक माणूस समोर बसून देत होता, तेही मायेने.

कडुलिंबाची पिवळी पानं जिनेशच्या बुटांवर पडली होती. तो काहीच सुचवत नव्हता. आई सांगेल ते तो मान्य करणार, हे तिला दिसत होतं.

"न्हाय," पद्मावती म्हणाली. "त्याला काय झालं न्हवतं. मला बघून थांबला त्यो. भ्याले हुते ती मी."

विश्वजितचा पुढे आलेला हात हवेतच थांबला. मग तो मुकाट्याने जिनेशच्या शेजारी मातीत बसला.

"म्हणजे फुडल्या वर्षी खेळणार म्हणा की," गणपतराव म्हणाले.

पद्मावतीने बोटं पदरात गुंडाळली.

"खेळंल की."

आवाज इतका बारीक निघाला, की गणपतरावांनी कानामागे हात धरला.

"काय म्हणालासा?"

आणि तिला ते पुन्हा एकदा म्हणावं लागलं.