झाकणाच्या आतला कागद

संगणक अकराव्यांदा बंद पडला तेव्हा ताईने माउस असा आपटला की फळीवरचे प्लॅस्टरचे जबडे खुळखुळले. वरची कवळी झाली होती, ताई खालच्या डाव्या दाढेपर्यंत पोचली होती, आणि नेमका तिथेच पडदा काळा झाला. दोन क्षण सामसूम, मग पंखे घोंघावले आणि स्वारी आपली आपण पुन्हा सुरू झाली, जणू गावचीच नाही.

"बघ," ती धाकट्याला म्हणाली. "बघ तुझं कर्तृत्व."

धाकटा म्हणजे तिचा सख्खा भाऊ, राहायला वेगळ्या घरी. तो जमिनीवर मांडी ठोकून संगणकाच्या उघड्या डब्यासमोर बसला होता, तोंडात एक स्क्रू धरून. तो आतल्या तारा चाचपत राहिला, आणि ही त्याची सवय लहानपणापासून ताईच्या डोक्यात जायची.

ही दातांची लॅब. दवाखान्यांतून पेशंटच्या जबड्यांचे साचे यायचे, ताई ते स्कॅन करून पडद्यावर दात रचायची आणि शेजारच्या खोलीतलं मशीन ते कोरून काढायचं. लॅब अण्णांनी, म्हणजे दोघांच्या वडिलांनी, घराच्या पुढच्या दोन खोल्यांत काढली. संगणकसुद्धा त्यांनीच एकेक भाग जोडून उभा केला होता. पुढे दात ताईकडे आले आणि मशीनं धाकट्याकडे. अण्णांकडे मागची खोली आली. गेल्या वर्षी त्यांच्या हातातून एक तयार साचा निसटला आणि डॉक्टरांच्या माणसासमोर ताईने त्यांना सुनावलं की उद्यापासून लॅबमध्ये पाऊल टाकायचं नाही. तेव्हापासून अण्णा विचारल्याशिवाय बोलत नाहीत, आणि त्या घरात कोणी कोणाला काही विचारत नाही. विचारणं म्हणजे नाक खाली करणं, आणि नाकं तिघांचीही चांगली लांब.

प्रोसेसर बदलायचं खूळ खरं तर ताईचंच. दात रचायचं नवं सॉफ्टवेअर जुन्या प्रोसेसरवर गोगलगायीसारखं चालायचं, आणि तिने महिनाभर धाकट्याच्या डोक्याशी भुणभुण लावली होती. तो म्हणाला, मोठा प्रोसेसर याच बोर्डावर बसेल, पण बोर्डाने त्याला ओळखायला हवं, म्हणून आधी बायोस अपडेट करावं लागेल. बायोस म्हणजे मशीन जागं होताना सगळ्यात आधी जे वाचतं ते. हे ऐकून मागच्या खोलीतून अण्णा एकदाच, न विचारता, बोलले की चालत्या मशीनला हात लावू नका. दोघांनीही ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. निदान तेवढ्यापुरतं बहीण-भावाचं एकमत झालं.

मागच्या सोमवारी सगळं पार पडलं. धाकट्याने बायोस अपडेट केलं, प्रोसेसर बदलला, आणि तोवर ताईने डब्याचं झाकण टेबलावर घेऊन ब्लेड आणि स्पिरिटने लख्ख केलं. लॅबमध्ये धूळ म्हणजे तिला वैऱ्यासारखी. मशीन सुरू झालं आणि खरंच पळायला लागलं. मंगळवारी पहिल्यांदा बंद पडलं.

तेव्हापासून धाकट्याने काही म्हणून बाकी ठेवलं नाही. प्रोसेसर काढून त्याच्यावरची, उष्णता वाहून नेणारी पेस्ट नव्याने लावली. मित्राकडून दुसरा पॉवर सप्लाय आणून जोडला. सगळी सिस्टिम पुसून कोरी टाकली. मेमरीच्या दोन पट्ट्या होत्या, एक पहिल्यापासूनची, दुसरी अण्णांनी नंतर कधीतरी घातलेली. एकेक काढून तपासली तर दोन्ही पास झाल्या, म्हणून त्यांच्यावरचा संशय त्याने सोडून दिला. जुना प्रोसेसर परत बसवावा, तर नवं बायोस त्याला ओळखेना आणि मागेही फिरेना. आणि ताई त्याच्या मागे उभी. इकडे हात लावला की ती विचारायची हे का, तिकडे लावला की हे आधी का नाही.

बुधवारी त्याने बसल्याबसल्या विचारलं होतं की या झाकणाच्या आत अण्णांचा एक कागद चिकटवलेला होता ना, पिवळा. बायोस अपडेट झालं की आतल्या सगळ्या सेटिंग मूळपदावर जातात, आणि अण्णांनी काय बदल करून ठेवले होते ते त्यावर असावं.

"कागद-बिगद काही नव्हता," ताई म्हणाली होती. "स्वतःला येत नाही ते सांग की सरळ."

त्याने तिच्याकडे पाहिलं, मग झाकणाकडे. झाकण आरशासारखं चकचकीत होतं. मग तो पुन्हा तारांकडे वळला, बहुतेक आपलीच आठवण दगा देते आहे असं समजून. मागे जाऊन अण्णांना विचारता आलं असतं. दहा पावलं तर होती. पण अण्णांनी नको म्हटलेली गोष्ट करून वर त्यांच्याच दारात जायचं, ते त्याच्याने झालं नाही.

गुरुवारी मोठ्या डॉक्टरांचा निरोप आला की पूर्ण जबड्याचं काम शनिवारी दुपारी चारला हवं, पेशंट त्यासाठी परगावाहून येणार आहे. ताईचा संताप कोणावर तरी निघणारच होता. तिने धाकट्याला तोंडावर सांगितलं की शनिवारी बारापर्यंत मशीन धड झालं नाही, तर लॅबची किल्ली टेबलावर ठेवायची आणि पुन्हा या दारात यायचं नाही. अण्णांना जसं सांगितलं तसंच, त्याच सुरात. तो बरं म्हणाला.

आणि आता शनिवार, पावणेबारा, अकरावी खेप.

धाकट्याने तोंडातला स्क्रू काढून तळहातावर घेतला. तो टेबलावरच्या बाकीच्या स्क्रूंच्या रांगेत ठेवला. मग हत्यारं एकेक करून पिशवीत भरली, खिशातून किल्ली काढली आणि ताईच्या कोपराजवळ ठेवली. आपटली नाही, फेकली नाही. आपटली असती तर ताईला भांडता तरी आलं असतं.

"इथे काम करून पंधरा वर्षं झाली," तो म्हणाला. "एकदा तरी म्हणायचं होतंस, की तू प्रयत्न करतोयस."

ती म्हणाली की प्रयत्नांनी दात बनत नाहीत. तो गेला.

पहिली पाच मिनिटं ताईला हलकं वाटलं, खोटं कशाला सांगा. डोक्यावरची ब्याद गेली असं ती मोठ्याने म्हणालीसुद्धा. मग तिने पडद्याकडे पाहिलं आणि चारला येणाऱ्या डॉक्टरांच्या माणसाचा विचार केला. उघडा डबा समोर, आतल्या तारांतलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. शहाण्यासारखं जाऊन विचारावं असं कोणी उरलंच नव्हतं. म्हणून ती भांडायला मागच्या खोलीत गेली. तुमचा लेक काम अर्धं टाकून निघून गेला, हे अण्णांना ऐकवायला.

अण्णा खिडकीपाशी बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग वर्षभरात पहिल्यांदा तिच्याकडे मान वळवून विचारलं, "झाकणाच्या आतला कागद वाचला का?"

"कुठला कागद?"

"पिवळा. बायोसला हात लावलात तर आधी हे करा, असं वर लिहिलंय. दोन पट्ट्यांचं एकमेकींशी पटत नाही. एकेकटी ठीक चालते, दोघी एकत्र पूर्ण वेगाने पळवल्या की कोसळतात. म्हणून मेमरीचा वेग हाताने एक पायरी खाली ठेवायचा. चार ओळी आहेत. त्याला वाचायला सांगायचं होतंस."

सोमवार तिला लख्ख आठवला. ब्लेडची धार कागदाच्या कडेखाली घातली होती. कागद पिवळा, कोपरे काळे पडलेले, प्लॅस्टरची धूळ डिंकात मुरलेली. लॅबमध्ये कागद ठेवायचा नाही, कागद धूळ धरतो, हा तिचाच नियम, आणि त्याचा तिला केवढा अभिमान. कुठल्या तरी दुकानाची जुनी पावती असेल म्हणून तिने तो चोळामोळा करून टाकला होता. वाचला नव्हता. बुधवारी धाकट्याने विचारलं तेव्हा तिला खरंच आठवलं नव्हतं, की आठवायचंच नव्हतं, हे आता तिचं तिलाही सांगता येईना.

अण्णांनी त्या चार ओळी तोंडपाठ सांगितल्या. कुठलं बटण दाबून आत शिरायचं, कुठला आकडा खाली आणायचा, कुठली आपोआप होणारी सेटिंग बंद करायची. तिने पेशंटच्या फॉर्ममागे उतरवून घेतलं. निघताना तिला म्हणायचं होतं, चला, तुम्हीच बघा पुढे येऊन. ते तोंडातून निघालं नाही, आणि अण्णांनीही पुन्हा खिडकीकडे तोंड केलं.

एक वाजायच्या आत मशीन सुरू झालं. ताईने वरची कवळी उघडली, खालची घेतली, डावी दाढ ओलांडली, उजवी ओलांडली. दर मिनिटाला तिला वाटायचं की आता जाईल. गेलं नाही. अडीचला शेजारच्या खोलीतलं मशीन दात कोरायला लागलं आणि घरभर तो ओळखीचा बारीक आवाज भरला. चारला दहा कमी असताना डॉक्टरांचा माणूस डबी घेऊन गेला.

मग तिने फोन लावला. धाकट्याने उचलला.

"चालू झालं," ती म्हणाली.

त्याने विचारलं कसं. तिने सांगितलं, मेमरीचा वेग, अण्णांनी सांगितलं. त्याच्या पाठीमागून रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज येत होता, म्हणजे तो अजून घरी गेलाच नव्हता.

"ताई, कागद होता ना?"

थापा मारायला तिच्याकडे तोंड कमी नव्हतं. नव्हता म्हटलं असतं तर खपलंही असतं, झाकण साक्षीला होतंच.

"होता," ती म्हणाली. "मीच खरवडला."

"मला चार दिवस वाटत होतं की माझं डोकं फिरलंय." त्याचा आवाज चढला नाही. "आता किल्ली तुझ्याकडेच राहू दे."

फोन बंद झाला. तिने पुन्हा लावला, तिसऱ्यांदाही लावला. मग तो फॉर्म उचलला, मागच्या चार ओळी दुसऱ्या कोऱ्या कागदावर ठळक अक्षरात उतरवल्या आणि झाकणाच्या आत, जुना कागद खरवडला होता तिथेच, चिकटवल्या. आता झाकण बसवायचं राहिलं. स्क्रू टेबलावर रांगेत होते, त्याने ठेवले तसेच. पण स्क्रू-ड्रायव्हर त्याच्या पिशवीतून गेला होता, आणि घरात दुसरा नव्हता. तिने झाकण नुसतं डब्याला टेकवून ठेवलं. ते दोनदा खाली घसरलं, तेव्हा तिने पायाने दाबून धरलं आणि तशीच कामाला बसली.