दादासोंची एक हजार एक कामं

माजी नगरसेवक दादासोंना साठावं लागलं आणि त्याच महिन्यात निवडणुकीचं वारं सुटलं. कार्यकर्ते म्हणाले, यंदा नुसत्या फ्लेक्सवर भागायचं न्हाय, ग्रंथ काढायचा. ग्रंथाचं नाव एका बैठकीतच ठरलं : ‘एक हजार एक कामं’. कामं कुठली, हे ठरायचं होतं. आकडा मात्र पक्का झाला होता.

ते काम आलं शाहूपुरीतल्या जोतीरामच्या फ्लेक्स छपाईच्या दुकानात, म्हणजेच रुद्राणीच्या टेबलावर. रुद्राणी कुरुंदवाडची. गेली बारा वर्षं ती रोज एसटीनं कोल्हापूरला येत होती आणि पुढाऱ्यांच्या हनुवटीखालच्या वळ्या पुसत होती. शहरात असा एक पुढारी नव्हता ज्याचं पोट तिनं आत ढकललं नव्हतं.

दादासोंचा उजवा हात म्हणजे अतुल. त्यानं प्लास्टिकच्या पिशवीतून एक हार्ड डिस्क आणून ठेवली. “सगळ्या ग्रुपवरचे फोटो हायत ह्यात. चौदा हजार तीनशे बारा. त्यातले एक हजार एक काढा. शुक्रवारी छपाईला, रविवारी प्रकाशन.”

“आज सोमवार हाय,” रुद्राणी म्हणाली.

“व्हय की. म्हणून तर सकाळी सकाळी आलोय.”

तिनं फोल्डर उघडला. चौदा हजार चित्रं एकदम दाखवायची म्हटल्यावर कॉम्प्युटरनं मान टाकली. दुसऱ्यांदा उघडला, तरी तेच. जोतीराम मागे उभा राहून “एकेक उघड, एकेक बघ” असं सांगत होता. एकेक बघायचं म्हटलं असतं तर दादासो पासष्टीला टेकले असते.

दुपारी तिनं संघर्षला फोन लावला. तो तिचा कॉलेजातला मित्र, आता तंत्रनिकेतनात शिकवायला. त्यानं तिला एक लहानसा प्रोग्रॅम पाठवला आणि फोनवरच समजावला. त्याला ना खिडकी, ना बटणं, ना रंग. काळी पाटी उघडायची, प्रोग्रॅमचं नाव टाइप करायचं, पुढे फोल्डरचं नाव, शेवटी एखादं अक्षर, आणि एंटर. एका अक्षरानं तो हुबेहूब फोटो बाजूला काढायचा, दुसऱ्यानं साल लावायचा, तिसऱ्यानं साधारण सारखे दिसणारे फोटो एका ठिकाणी गोळा करायचा. अख्खा प्रोग्रॅम दादासोंच्या एका फोटोपेक्षा हलका होता.

जोतीरामला तो बघवेना. “ह्याला तोंड न्हाय, काय न्हाय. नुसता काळा पडदा. व्हायरस असंल बघ.”

“फुकट हाय,” रुद्राणी म्हणाली.

“मग राहू दे.”

चहा संपायच्या आत पाटीवर उत्तर आलं. एकूण फोटो चौदा हजार तीनशे बारा, वेगळे फोटो सहाशे बारा. बाकीचे सगळे ह्या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरून आलेले. ‘साहेबांचा आदेश’ असं लिहून फिरवलेला नारळ फोडतानाचा एक फोटो तर तीनशे वेळा सापडला.

मग तिनं तिसरं अक्षर टाकलं. सारखे दिसणारे ढीग होऊन पडले. गटार उद्घाटनाच्या एका ढिगात २०१४, २०१७, २०२१ आणि २०२३ अशी चार सालं होती, गटार एकच. झाडं लावण्याच्या ढिगात दर पावसाळ्याला तोच खड्डा. सर्वांत मोठा ढीग होता ब्लँकेट वाटपाचा, अडतीस फोटोंचा. सगळ्यांत तोच सभागृहाचा पडदा, तेच लाल चौकड्यांचं ब्लँकेट आणि तीच म्हातारी.

रुद्राणी स्क्रीनजवळ सरकली. ही तर बायडाबाई! दुकानाच्या बोळाच्या तोंडाशी मेथी-कोथिंबीर घेऊन बसणारी. दोन दिवसांआड रुद्राणी तिच्याकडनं पेंढी घ्यायची. तिनं फोटो सालवार एकापाठोपाठ एक बघितले. बायडाबाई वाकत गेली, दात पडत गेले. दादासोंचे केस मात्र वर्षागणिक काळे होत गेले. ब्लँकेट होतं तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी पेंढी घेताना तिनं विचारलं, “आजी, एवढी ब्लँकेटं ठेवता तरी कुठं?”

“कुठली ब्लँकेटं गं?” बायडाबाईनं भाजीवर पाणी मारता मारता वर बघितलं. “फोटो झाला की तो अतुल हातातनं वडून घेतोय. म्हणतोय, आजी, मागं लाइन हाय. मी म्हणतो, आसंल बाबा. लाइनीत बघावं तर मीच एकटी.”

“मग जाता कशाला?”

“वडापाव देत्यात की.”

रुद्राणीला हसू आलं आणि मग आलं त्याचं वाईटही वाटलं. दुकानात येऊन तिनं अतुलला फोन केला. तासाभरात स्वतः दादासोच आले. पांढरे कपडे, मागं चार माणसं. जोतीरामनं खुर्ची पुसली.

“सहाशे बाराच वेगळे फोटो हायत, साहेब,” रुद्राणी म्हणाली.

“आन् उरलेले तीनशे एकोणनव्वद?”

“न्हाईत.”

“डबल घाला. लोक काय मोजायला बसल्यात?” दादासोंनी पाय लांब केले. “पण प्रत्येक फोटोखाली साल पाहिजे. कामाला पुरावा लागतोय.”

“साल खरं घालू?”

प्रश्न तिच्या तोंडून निसटला. जोतीरामचा चेहरा पांढरा पडला. दादासोंनी तिच्याकडे रोखून बघितलं.

“मग काय खोटं घालतीस? आमच्यात खोटं काम न्हाय.”

“आन् पानांवर फोटो लावू कसे?”

“तुझं तू बघ. त्या तुझ्या यंत्राला विचार.”

तिनं यंत्राला विचारलं, आणि यंत्रानं जसे ढीग लावले तसेच ते पानांवर ओतले. एकेका फोटोखाली खरं साल, आणि ब्लँकेटच्या फोटोंखाली बायडाबाईचं नावही. नोकरी गेली तर एसटीचा पास वाया जाईल, हे मनात येऊन गेलं. पण हुकूम लेखी नसला तरी चार माणसांदेखत झाला होता. जोतीरामनं शुक्रवारी मुखपृष्ठ तेवढं तपासलं, दादासोंचं नाव मोठं आहे ना एवढं बघितलं आणि ग्रंथ छापून मोकळा झाला.

रविवारी सभागृह भरलं. प्रमुख पाहुणे निवृत्त मुख्याध्यापक होते. छापलेलं वाचायची त्यांना जन्माची सवय. ग्रंथ उघडला तो नेमका ब्लँकेटच्या पानावर, आणि माइकसमोर ते वाचत सुटले. “दोन हजार बारा, श्रीमती बायडाबाई यांस ब्लँकेट. तेरा, श्रीमती बायडाबाई यांस ब्लँकेट. चौदा...” एकोणीस सालापर्यंत पहिल्या रांगेनं हसू दाबलं. पुढं कुणालाच दाबता आलं नाही. मुख्याध्यापकांनी चष्मा वर केला आणि अगदी मनापासून म्हणाले, “एका माणसावर एवढं लक्ष ठेवणारा नेता मी बघितलेला नाही.”

अतुलनं घाईघाईनं पुढचा कार्यक्रम पुकारला. पुढचा कार्यक्रम ब्लँकेट वाटपाचाच होता. बायडाबाई मंचावर चढली. दादासोंनी ब्लँकेट दिलं, फोटो निघाला आणि अतुलनं सवयीनं हात पुढे केला.

बायडाबाईनं ब्लँकेट काखेत मारलं. “लाइनीत कोण न्हाय रं,” ती म्हणाली आणि पायऱ्या उतरून चालू लागली. अतुल दोन पावलं मागे धावला. तेवढ्यात सगळ्या सभागृहानं मोबाइल वर धरले. अतुल तिथंच थांबला आणि त्यानं बाईला हात जोडले. टाळ्या वाजवणाऱ्यांत मागच्या रांगेतल्या रुद्राणीचे हात सगळ्यात शेवटी थांबले.

सोमवारी सकाळी दादासो दुकानात आले. या वेळी एकटेच. जोतीराम पाणी आणायच्या निमित्तानं आत गेला तो बाहेरच येईना.

“सालं तू घातलीस?”

“तुम्ही म्हणालात, साहेब. पुरावा पाहिजे म्हणून.”

दादासोंनी काळ्या पाटीकडे बघितलं. मग खुर्ची पुढं ओढून हळूच म्हणाले, “एक सांग. समोरच्या पार्टीचे फोटो टाकले तर त्यांचं बी असंच निघंल?”

“निघंल की. त्याला पार्टी कळत न्हाय.”

दुपारी अतुल दुसरी हार्ड डिस्क घेऊन आला. चारच्या सुमाराला समोरच्या पार्टीचा माणूसही आला. त्याच्याही पिशवीत हार्ड डिस्क होती, दादासोंच्या फोटोंची. जोतीरामनं दोघांना वेगवेगळ्या खुर्च्यांवर बसवलं आणि चहा सांगितला.