आयनोच्या कानात स्टेथोस्कोप

अमेरिकेतल्या डुलूथ शहरात टेकडीवरच्या हॉस्पिटलात दर मे महिन्यात निवासी डॉक्टरांच्या प्रकल्पांचा दिवस असतो. रोग्यांची सोय वाढावी म्हणून वर्षभरात कुणी काय केलं, ते मोठ्या कागदांवर मांडून कॅफेटेरियाबाहेर लावतात आणि तिघं परीक्षक बक्षीस ठरवतात. निवृत्त होऊन सहा वर्षं झालेल्या डॉक्टर सोल्वे ब्रेकीला यंदा परीक्षक म्हणून बोलावलं होतं. चौथ्या कागदापाशी आली आणि तिचे पाय थबकलेच.

काओ व्हांग नावाच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलीचा प्रकल्प. भरती होणाऱ्या म्हाताऱ्यांना ऐकू किती येतं ते पहिल्याच दिवशी तपासायचं आणि कमी येत असेल त्याच्या हाती आवाज मोठा करणारं, हेडफोन जोडलेलं खिशातलं यंत्र द्यायचं. एवढंच.

सोल्वेला आयनो लाह्ती आठवला. १९८७ सालचा वसंत, तेव्हा ती स्वतः इथे निवासी डॉक्टर होती. आयनो बंदरावर लोहखनिज भरणारा म्हातारा, हृदय थकलेलं, पाय सुजलेले. दोन महिन्यांत तिसऱ्यांदा भरती झालेला. मीठ बंद करा असं त्याला प्रत्येक वेळी बजावलं जाई, तो हसून "हो, हो" म्हणे आणि घरी जाऊन खारवलेली हेरिंग मासळी खाई. ‘विसराळू, सांगितलेलं ऐकत नाही,’ असं त्याच्या कागदांवर लिहिलेलं होतं.

एका सकाळी सोल्वेने सहज विचारलं, "नाश्ता झाला का?" आयनो म्हणाला, "हो, बहीण गेली माझी, चार वर्षं झाली." याला ऐकूच येत नाही, हे सोल्वेच्या तेव्हा लक्षात आलं. मग गळ्यातला स्टेथोस्कोप काढून तिने त्याची टोकं त्याच्या कानांत बसवली आणि दुसऱ्या टोकाशी तोंड नेऊन हळूच म्हणाली, "आयनो, ऐकू येतंय?"

म्हातारा दचकला. तिच्याकडे बघतच राहिला.

"पोरी, अगं, इतके दिवस तुम्ही सगळे नुसते ओठ हलवत होतात!" मग आवाज खाली आणून म्हणाला, "आता सांग. झालंय काय मला?"

तिने पहिल्यापासून सगळं सांगितलं. हेरिंगचं ऐकून त्याचा चेहरा पडला. "बापरे. रोज दोन खात होतो गं."

तेवढ्यात मोठे डॉक्टर आले. "ब्रेकी, ते यंत्र आपल्या कानात घालायचं असतं, कॉलेजात शिकवलं नाही वाटतं?" सगळा वॉर्ड हसला. सोल्वे लाजून लाल झाली. पण आयनो त्यानंतर दोन वर्षं भरती झाला नाही.

"चल ना, सोल्वे," परीक्षकांतला लेलंड म्हणाला. तिचा जुना सहकारी. "इथे काय आहे? एकेचाळीस रोगी फक्त. त्यात तीन यंत्रं हरवली, तेही हिने स्वतःच लिहून ठेवलंय!"

"म्हणून तर माझा विश्वास बसतो हिच्यावर."

"अगं, पण आकडे कुठायत?"

बरीच हुज्जत झाली. शेवटी पहिलं बक्षीस इन्सुलिनवरच्या दुसऱ्या एका प्रकल्पाला गेलं, काओला दुसरं. टाळ्या वाजल्या, फोटो निघाले. गर्दी पांगल्यावर सोल्वेने काओला गाठून आयनोची गोष्ट सांगितली. काओ आधी मनापासून हसली, मग विचारात पडली.

"डॉक्टर, मग तुम्ही वॉर्डातल्या बाकीच्यांसाठी का नाही केलंत तसं?"

प्रश्नात खोच नव्हती, तरी सोल्वेला तो लागला. "सुचलंच नाही गं. माझ्या रोग्याला ऐकू आलं, त्यातच मी खूश. शिवाय सगळे हसले होते, परत तो विषय काढायची लाज वाटली. तुला नाही कुणी हसलं?"

"हसले की! हेडफोनवाली म्हणतात मला अजून." काओने कागदाच्या टाचण्या काढायला घेतल्या. "गुरुवारी नर्सना हे शिकवायचंय. याल? तुमच्या आयनोबद्दल सांगाल त्यांना?"

सोल्वेने कागदाचा दुसरा कोपरा धरला.

"किती वाजता?" तिने विचारलं.