तुतीची स्टिक आणि उस्मानचाचा

तुतीच्या ओल्या लाकडाला वाफ दिली की एक गोडसर, हिरवट गंध सुटतो, आणि पौषातल्या कोवळ्या उन्हात तो गंध अमरावतीच्या राजापेठेतल्या शिकवणीवर्गांच्या पाट्या, दुचाक्यांचा धूर आणि भज्यांची कढई या सगळ्यांना ओलांडून गल्लीच्या तोंडाशी येऊन उभा राहत असे. आजही कुठे ताजं कापलेलं लाकूड दिसलं की मला आधी उस्मानचाचांचा खोकला ऐकू येतो, मग त्यांचं हसू, आणि सर्वांत शेवटी ते स्वतः दिसतात. भुवयांत अडकलेला भुसा, कानावर आडवी ठेवलेली पेन्सिल, आणि समोरच्या माणसाला डोक्याऐवजी कमरेपासून न्याहाळायला सुरुवात करणारे बारीक डोळे. प्रथम भेटणारा माणूस त्या नजरेने बावचळून जायचा.

चाचा व्यवसायाने खरादी, म्हणजे लाकूड कातणारे. बाजेचे पाय, लाटणी, पाळण्याचे खुंट हे त्यांचं पोटापाण्याचं काम. पण त्यांच्या वर्षाचा खरा ऋतुक्रम एका हॉकी स्टिकभोवती फिरत असे. मार्गशीर्षात तेल्हाऱ्याच्या एका मित्राच्या बांधावरून तुतीची फांदी यायची, पौषात वाफेवर तिची मान वाकायची, वऱ्हाडचा वैशाख तिला निर्दयपणे वाळवायचा, आणि पावसाळाभर जवसाचं तेल पिऊन ती अशी झळाळायची, की दसऱ्याला तिच्यावर हात फिरवला तर बोटांना ऊन लागल्याचा भास व्हावा. माघात अमरावतीला भरणाऱ्या हॉकी स्पर्धेत ती एकाच खेळाडूला मिळायची. सगळ्यांत मोलाच्या खेळाडूला.

या मानाची जन्मकथा मोठी गमतीची आहे. पहिल्या वर्षी स्पर्धेच्या समितीने चकचकीत चषक आणला आणि तो समितीच्याच एका सभासदाच्या भाच्याला दिला, ज्याचा चेंडूशी अंतिम सामन्यात एकदाच संबंध आला होता, तोही पाठीला लागून. मैदानावर हलकल्लोळ झाला. कडेला बसून मोडक्या स्टिका दुरुस्त करणारे चाचा तेव्हा उठले आणि म्हणाले, "अबे, भांडता काहून? जो हारला त्यालेच इचारा ना, त्याले कोनं हारवलं ते. त्याच्याहून जास्त कोनाले मालूम?" त्या दिवसापासून हरलेल्या संघाने एकत्र बसून जिंकणाऱ्यांतल्या एकाचं नाव घ्यायचं, हा नियम झाला. चषकाच्या जागी चाचांची स्टिक आली. पुढे रेल्वेचे, पोलिसांचे, केवळ हॉकीसाठी नोकरीत घेतलेले पगारी खेळाडू येऊ लागले. त्यांच्या पिशव्यांत भारी भारी स्टिका असायच्या, पण तेही ह्या एका काठीसाठी जिवाचं रान करायचे.

कारण ती देण्याची रीत. चाचा तिची मूठ मुद्दाम लांब ठेवत. नाव पुकारलं की विजेत्याला भर मैदानात उभं करायचं, स्टिक त्याच्या कमरेच्या हाडाशी लावायची, पेन्सिलीची खूण करायची आणि करवत चालवायची. हजार माणसं श्वास रोखून त्या करवतीचा आवाज ऐकत. तुकडा खाली पडला की टाळ्या. मग मुठीला पांढरी पट्टी गुंडाळताना चाचा त्या खेळाडूच्या कानात काहीतरी बोलत, आणि तो हसत सुटे. काय बोलत, ते कोणीच कधी सांगितलं नाही.

ते ऐकण्यासाठी मी सहा वर्षं तळमळलो. अकोल्याच्या संघातला मी सर्वांत बुटका, डाव्या बगलेवर धावणारा गजू. मला चषक नको होता, वर्तमानपत्रातला फोटो नको होता. ती करवत माझ्या कमरेच्या मापाने एकदा चालावी, एवढीच इच्छा होती. खरं सांगतो, इतक्या उत्कटतेने मी लग्नाची मुलगीही पाहायला गेलो नाही.

आणि मग ते वर्ष आलं. सलग काही हंगाम कपाशीने दगा दिलेला, वऱ्हाडातली सकाळ वर्तमानपत्र उघडायला भीत होती. यंदा स्पर्धा नकोच, असं बरेच जण म्हणाले. चाचा म्हणाले, "तुती तं तयार होऊन गेली बाप्पा. तिले काय सांगू?" स्पर्धा झाली, आणि खेड्यापाड्यांतून इतकी माणसं आली, की बाजूच्या भिंतीवरही बूड टेकायला जागा राहिली नाही. बऱ्याच दिवसांचं न हसलेलं हसू त्यांनी तिथे आणलं होतं. अंतिम सामन्यात आमची गाठ अमरावतीशी पडली. त्यांचा मधल्या फळीतला प्रभाकर, झेंडूची शेती करणाऱ्या माळ्याचा ताडमाड मुलगा, माझ्यापुढे भिंतीसारखा उभा. मी त्याच्या कोपराखालून निसटायचो आणि तो दोन ढांगांत मला गाठायचा. एक-एक गोल झाला, जादा वेळ संपला, ऊन कलंडलं, आणि पंचांनी दोन्ही संघांना विजेते ठरवलं.

आता हरलं कोण? नाव कोणी घ्यायचं? अमरावतीचा कप्तान छातीवर हात मारून ओरडला, "आमी हारलो!" नाव घेण्याचा मान आमच्याकडे तोवर जिंकण्याच्याही वर गेला होता. माझं काळीज सुपाएवढं झालं, कारण ते हरले तर स्टिक आमच्यापैकी कोणालातरी मिळणार. पण आमचा कप्तान काही कमी नव्हता. "तुमी काहून हाराल? आमी हारलो! हे आमचे पोट्टे पाहा, कशे थकले!" माझ्या स्वतःच्या कप्तानाने मला असं भरदिवसा बुडवायला घेतलं होतं. पाऊण तास दोन संघ आपापला पराभव सिद्ध करत भांडत होते आणि प्रेक्षक पोट धरून हसत होते.

शेवटी चाचा करवत घेऊन मधे आले. "दोगंबी हारले म्हना. दोगंबी नाव घ्या." आम्ही प्रभाकरचं नाव घेतलं. त्यांनी घेतलं माझं. स्टिक एक, माणसं दोन, त्यांत वीतभर उंचीचा फरक. चाचांनी दाढी खाजवली. "पयले उंच, मंग बुटका. कापल्यावर लाकूड वाढत नाही, बेटा. सहा महिने याचे, मंग तुह्या मापाची करू." प्रभाकरच्या मापाने करवत चालली. त्याच्या कानात काही सांगितलं गेलं. तो हसला. मी सहा महिने दिवस मोजले.

श्रावणाच्या अखेरीस मी अमरावतीला गेलो. पोरांचा तान्हा पोळा तोंडावर आलेला, त्यामुळे दुकानभर चाकांचे लाकडी बैल ओळीने उभे होते. प्रभाकर स्टिक घेऊन आधीच हजर होता, तेल लावून पुसलेली. चाचांनी मला उंबऱ्याशी उभं केलं, कमरेशी स्टिक लावली, खूण केली. प्रभाकरच्या मापापेक्षा माझी खूण बरोबर दोन बोटं खाली आली. मग त्यांनी करवत टेकवली, आणि ती लाकडावर थरथरत सरकली. पुन्हा टेकवली. पुन्हा थरथरली. त्यांचा हात त्यांचं ऐकत नव्हता. आम्ही दोघेही बैलांकडे पाहत राहिलो.

चाचांनी करवत हळूच खाली ठेवली. मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "राहू दे. तू अजून वाढशीन."

"चाचा, मी अठ्ठावीसचा झालो. आता काय वाढू?"

"वाढतात बेटा. काही काही लोकं उशिरा वाढतात." आणि ते असे हसले की प्रभाकरही हसला, मीही हसलो, आणि हसताहसताच माझे डोळे भरून आले. मग त्यांनी नवी पट्टी काढून मूठ बांधायला घेतली. एक टोक प्रभाकरने धरलं, एक मी. माझ्या कानात त्यांनी जे सांगितलं, ते मीही कोणाला सांगितलेलं नाही.

त्यानंतर त्यांनी करवत उचलली नाही, आणि पुढच्या माघात ते नव्हतेच. त्या स्टिकने मी तीन हंगाम खेळलो. चेंडू जरा लांबून भेटायचा, पण भेटायचा. पुष्कळांनी सांगितलं, कोणाकडूनही कापून घे, पाच मिनिटांचं काम आहे. काळ माणसाला घेऊन जातो, पण त्याने आपल्याविषयी बाळगलेली आशा मागे ठेवून जातो. आता पन्नाशी उलटली आहे. कधीतरी घरात कोणी नसताना मी ती स्टिक कमरेशी लावून पाहतो. दोन बोटं अजून बाकीच आहेत.